बारा महिन्यांची ऑर्डर

भुसावळ, रविवार

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

कर्नाटक एक्स्प्रेस हलली तेव्हा मी पाण्याची बाटली घेऊन पळत आलो होतो, पण तू खिडकीत नव्हतीस. रागावली होतीस, आणि रागावण्यासारखंच होतं. फलाटावर चार लोकांत "बँकेची कायम नोकरी सोडून वर्षभराच्या कागदामागे निघाली" असं मी बोलायला नको होतं.

तुझ्या ऑर्डरची झेरॉक्स आज पुन्हा वाचली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट, मुदत बारा महिने, पुढे निधी असेल तर. नजर तिथंच अडते गं.

मी कॉलेजच्या लॅबमध्ये परिचर म्हणून लागलो ते विनाअनुदानित तुकडीवर. अकरा वर्षं दर जूनला नवी ऑर्डर, उन्हाळ्यात पगार नाही. तू मे महिन्यातली. दवाखान्याचं बिल बाबूमामाने भरलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही.

पण लॅबने मला तूही दाखवलीस. पाचवीत होतीस, शनिवारी स्टुलावर बसून ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब सोडायची ती काचेची नळी, विसळायचीस. एकदा फ्लास्कमध्ये आम्ल घेऊन रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले, आणि अल्कली भरलेल्या ब्युरेटची तोटी तुझ्या हातात दिली. गुलाबी रंग यायचा, फ्लास्क हलवला की जायचा. मग एका थेंबाला अगदी फिका रंग टिकला. तू तोटी बंद केलीस आणि हळूच म्हणालीस, "पप्पा, थांबला." अकरावीची पोरं घाईत गडद करून टाकत. तुला ते कोणी शिकवलं नव्हतं. आता इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तुझ्या हातात देणार आहेत, त्यांनी योग्य हात निवडला.

तुझ्या संस्थेबद्दल वाचत बसलो होतो. भारतीय विज्ञान संस्था १९०९ ची, जमशेटजी टाटांच्या मनातली. १९३३ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (तेव्हा भागवत) तिथं शिकायला गेल्या, तर तिथले संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी नाकारलं. त्या हटल्या नाहीत. मग एका वर्षाच्या अटीवर घेतलं, आणि पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. वाचून छाती भरून आली. पण ती अट शिकण्याची होती, तुझी पोटाची आहे. बघ, आलो पुन्हा तिथंच.

म्हणून एवढंच ऐक. प्रोजेक्टचे पैसे संपले की जागा संपते, हुशारी विचारत नाहीत. सीएसआयआर-नेट ही परीक्षा द्यायची सोडू नकोस. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,०००, वर घरभाडं, आणि मुदत पाच वर्षांची. गेट परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तोही काढून ठेव. तुझं काम शोधनिबंधात जाणार असेल तर नाव येईल का, हे सरांना आधीच विचार, लाजू नकोस. अनुभवाचा दाखला सही-शिक्क्यासह वेळेत घे. मी मागितला नव्हता, म्हणून माझी तीन वर्षं नोकरीत मोजलीच गेली नाहीत.

पुरे. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं. माफ कर माय.

आजी रोज विचारते, पोरगी जेवली का. आईने कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि लसणाची चटणी वेगळ्या पिशवीत बांधली आहे, पीठ आधी उन्हात ठेव.

ऑर्डर संपायची तारीख मी दुधाच्या वहीच्या मागे लिहिली. आईने बघितलं, काही बोलली नाही, वही मिटून फ्रीजवर ठेवली.

तुझा,
पप्पा