एका दिवसाच्या मुंबईवारीला साधं रिटर्न तिकीट द्या

संपादक साहेब, नमस्कार.

सकाळी पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जायचं, काम उरकून रात्री घरी यायचं, हे आपल्या नाशिककरांचं नेहमीचंच आहे. जाताना टेन्शन नसतं, पण परत कधी निघणार ते कुणाला माहिती असतं का, म्हणजे डॉक्टरनं बसवून ठेवलं किंवा साहेब जेवायला गेले की रिझर्वेशनची गाडी चुकलीच, कारण ते तिकीट त्याच गाडीचं असतं, दुसऱ्या गाडीत चालत नाही.

म्हणून माझं मत असं की जाताना टू एस (सेकंड सीटिंग, म्हणजे साध्या बसायच्या डब्याचं) रिझर्वेशन करा (फक्त १५ रुपये जादा लागतात हो) आणि येताना मोबाईलवर जनरल काढा, रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवरून. ते ठरावीक गाडीला बांधलेलं नसतं, फक्त गाडी सुपरफास्ट असेल तर सुपरफास्टचंच घ्या, नाहीतर टीसी फरक वसूल करणारच. अजून एक, २०० किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट काढलं की तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो आणि नाशिकरोड-सीएसएमटी २०० च्या आतच येतं, त्यामुळे सकाळीच काढून खिशात ठेवलं तर उपयोग शून्य.

रेल्वेनं निदान या अंतरासाठी त्याच दिवशी कुठल्याही गाडीला चालणारं रिटर्न तिकीट द्यावं, आणि तोपर्यंत हा तीन तासांचा नियम नाशिकरोडच्या खिडकीवर मोठ्या मराठी अक्षरात लावावा.

- एक वाचक, नाशिकरोड