वावर काढू नका, बाबा

नागपूर, ७ मार्च २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर आई रडायला लागली आणि माझं बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा, तुम्ही एकच विचारलंत, "काहून लपवलं वं?" आणि लगेच म्हणालात की नाल्याकडचं दोन एकर वावर विकून टाकू, गिऱ्हाईक तयार आहे. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून हे पत्र. आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

आधी लपवल्याचं सांगते. डिसेंबरात शाळेतल्या आम्हा बायकांची तपासणी झाली. मला दुखत नव्हतं, हाताला काही लागतही नव्हतं. फक्त मॅमोग्राफीत रांगोळी सांडावी तसे पांढरे बारीक कण दिसले. सुईनं तुकडा काढून तपासला, तेव्हा कॅन्सरच्या पेशी दुधाच्या नळीच्या आतच आहेत, भिंत ओलांडलेली नाही, असं आलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, एवढं काढून टाकलं की बहुतेक काम झालं. म्हणून मी तुम्हाला "साधी गाठ आहे" म्हणाले. तुम्ही मृगाच्या संत्र्यांच्या सौद्यात होतात, आईचा गुडघा सुजलेला होता. मला वाटलं, सगळं आटोपून काटोलला येईन आणि तुमच्यासमोर बसून सांगेन.

१९ जानेवारीला ऑपरेशन झालं. २९ ला मोठा रिपोर्ट आला. त्यात एक जागा नळीच्या बाहेर गेलेली निघाली, ९ मिलिमीटरची. काखेतल्या गाठी स्वच्छ आहेत. आई, नीट ऐक, स्वच्छ आहेत. पहिली स्टेज. माझ्या बाबतीत केमो लागणार नाही, केस जाणार नाहीत. रेडिएशनचे पंधरा दिवस आणि मग पाच वर्षं रोज एक गोळी.

आता एक गोष्ट प्रशांतलाही अजून नीट सांगितलेली नाही. मी २०२१ मध्ये गंभीर आजाराची वेगळी पॉलिसी काढली होती, दहा लाखांची. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भरतो. ही पॉलिसी आजाराचं निदान झालं की ठरलेली रक्कम एकदाच हातात देते आणि तिथंच संपते. पण त्यात कॅन्सर कशाला म्हणायचं ते लिहिलेलं असतं. नळीच्या आतला, न पसरलेला कॅन्सर त्यात बसत नाही. म्हणजे पहिल्या रिपोर्टवर मला एक रुपया मिळाला नसता. दुसऱ्या रिपोर्टमध्ये 'इन्व्हेसिव्ह', म्हणजे नळीबाहेर गेलेला, हा शब्द आला, आणि दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून तो वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं, आता क्लेम बसेल. सई, तुम्ही, मी स्वतः, सगळं त्याच्या नंतर आलं. बाबा, मला त्याची फार लाज वाटली. त्या लाजेनंच तोंड बंद झालं. शिवाय निदानानंतर तीस दिवस माणूस हयात असावं लागतं, अशी अट आहे. ती सगळ्यांनाच असते, माझ्या तब्येतीशी तिचा काही संबंध नाही. पण ती अट डोळ्यांसमोर असताना तुमच्याशी फोनवर हसून बोलणं मला जमेना. २८ फेब्रुवारीला तीस दिवस झाले आणि २ मार्चला मी कागद दिले.

तर ठरलेलं हे आहे. क्लेम टाकला आहे आणि तो मी मागे घेणार नाही. काल मी क्लेमचं नुसतं नाव काढलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "रोगाचा पैसा घरात नको." मला कळतं तुम्हाला काय वाटतं. पण हा पैसा कुणाच्या दयेचा नाही. पाच वर्षं दर एप्रिलला मी माझ्या पगारातून हप्ता भरला. फॉर्मवर थायरॉइडची गोळी लिहिली, मोठ्या आत्याचा आजारही लिहिला. तेव्हा एजंट म्हणत होता, एवढं कशाला लिहिता, हप्ता वाढेल. लिहिलं म्हणूनच आज निर्धास्त आहे. आत्याच्या वेळी विहिरीजवळचं वावर गेलं, तेव्हा मी दहावीला होते. सातबाऱ्यावरून नाव उतरलं त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नव्हता. ती पॉलिसी मी त्या संध्याकाळसाठी काढली होती, बाबा. आता तुम्ही पुन्हा वावर काढलंत तर माझे हप्ते कशासाठी होते?

पैसे लागणारच आहेत, नाही म्हणत नाही. शाळेत बिनपगारी रजा आहे, घराचा हप्ता आहे, पुढच्या तपासण्या आहेत. त्यालाच हे जातील. आणि समजा कंपनीनं नाही म्हटलं, तर आधी त्यांच्याच तक्रार विभागाकडे आणि मग विमा लोकपालाकडे जाता येतं. नागपूरचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे असतं. वकील लागत नाही, फी नाही. तेही मी करेन. तुम्ही इसार घेऊ नका. घेतला असेल तर परत करा, उद्याच.

इकडची काळजी करू नका. रेडिएशनचे चार दिवस झाले, धुळवडीला सुट्टी होती. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, काही दुखत नाही. प्रशांत सकाळी सोडतो, येताना मी मेट्रोनं येते, बसायला जागा मिळते. सासूबाई मला गॅसजवळ फिरकू देत नाहीत. काल त्यांनी गोळाभात केला होता, कढीसोबत. दुपारी झोपते. कातडी थोडी उन्हानं भाजल्यासारखी लाल होईल, म्हणून मऊ सुती कपडे घालायला सांगितलंय. आई, तुझं ते निळ्या काठाचं जुनं लुगडं आहे ना, धुऊन धुऊन पातळ झालेलं? ते पाठव. दुसरं कुठलंही नको.

परवा पेटी मिळाली. सईनं पहिलं संत्रं सोललं आणि सालीचा वास घरभर झाला. मला टायफॉइड झाला होता तेव्हा बाबा फोडीवरचा एकेक दोरा काढून, बिया काढून, डब्याच्या झाकणावर फोडी गोल मांडायचे आणि मी झोपेत असले तरी उठवायचे नाहीत. माशा वारत बसायचे. आताही मला तसंच कुणीतरी बसलेलं हवं असतं, खोटं कशाला बोलू. पण आत्ता येऊ नका. तुम्ही दोघं आलात की मी रडेन आणि रोज सकाळी उठून जाणं मला जड जाईल. पाडवा झाला की चार-पाच दिवसांत हे संपतंय. रामनवमीला मीच येते.

आई, एवढं मात्र ऐकावंच लागेल. बुधवारी, ११ तारखेला, तुझी मॅमोग्राफी ठरवली आहे. "मला काय होतंय" हे म्हणायचं नाही. मलाही काही होत नव्हतं. आणि तुझ्यामुळे मला झालं, असं मनातसुद्धा आणू नकोस. दादा तुला सकाळी सातला गाडीनं आणेल, दुपारी परत सोडेल. बीपीची गोळी घेऊन निघ. पावडर, अत्तर काही लावू नको, फोटोत डाग दिसतात.

बाबा, बारानंतर बगीच्यात जायचं नाही. दुपट्टा बांधला तरी नाही. आणि त्या गिऱ्हाइकाला काय सांगितलंत ते मला आज रात्री नऊला फोनवर सांगा. मी जागी राहीन.

तुमची,
बेबी