नाना, ते वाक्य पुस्तकात नाहीच!

तीर्थस्वरूप नाना,
साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागले असते, तर तुम्ही ‘चहा टाकायला सांगतो’ म्हणून उठून आत गेला असता. गेल्या वर्षभरात असं तीनदा झालंय. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला डोळ्यात थेंब घालून पडून राहायला सांगितलंय, आणि हे सूनबाई वाचून दाखवणार आहेत. म्हणजे आता उठायची सोय नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. चाळिशी ओलांडल्यावर मी बहिःस्थ एम.ए.ला नाव घातलं, विषय राज्यशास्त्र. पहिल्या वर्षी पाश्चात्य राजकीय विचारांचा पेपर राहिला. पाचशे वर्षांपूर्वीच्या मॅकियाव्हेली या इटालियन लेखकावरच्या प्रश्नात मी ठोकून दिलं होतं, ‘साध्य साधनांचे समर्थन करते, असे मॅकियाव्हेली म्हणतो.’ वाक्य गाईडातलं होतं, मोत्यासारख्या अक्षरात अधोरेखित करून लिहिलेलं. नाना आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. जिन्यात माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि मी ते वाक्य ऐकवलं. त्यावर त्यांनी एकच प्रश्न केला, “हे कुठल्या पानावर आहे?”

“गाईडात आहे ना.”

“गाईड ठेव बाजूला. मूळ कागद आण.”

मूळ कागद म्हणजे वाचनालयातला, पाठपुठ्ठा निघालेला, त्याच्या ‘द प्रिन्स’ या पुस्तकाचा एक इंग्रजी अनुवाद. छोटी छोटी 26 प्रकरणं. दर रविवारी दुपारी एक किंवा दोन, तुमची लाल-निळी पेन्सिल, भिंग आणि काकूंचे पोहे. निळी खूण म्हणजे ‘बघून ठेव’ आणि लाल म्हणजे ‘हे पटलेलं नाही’. ते वाक्य शोधायला बसलो होतो आणि नाना, ते सापडलंच नाही. अठराव्या प्रकरणात त्याच्या जवळपास जाणारं एक सापडलं. माणसांच्या, विशेषतः राज्यकर्त्यांच्या करणीबद्दल जिथं दाद मागायला न्यायासन नसतं, तिथं लोक शेवट काय झाला ते बघतात, अशा अर्थाचं. मी म्हटलं, “तेच की हे!” तुम्ही भिंग खाली ठेवलंत. “तेच कसं? जिथं अपील नाही तिथं लोक निकालावर जातात, एवढंच तो म्हणतोय. लोक असं करतात म्हणतोय, तू असं कर म्हणत नाही. आणि ‘अपील नाही’ हे निम्मं वाक्य तुझ्या गाईडवाल्यानं कुठं घालवलं?” चौतीस वर्षं महसुलाची अपिलं हाताळलेल्या माणसालाच ते दिसणार!

माझा पेपर सुटला तो या एका दुपारमुळे, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे सुटला. पाचेक प्रकरणं झाल्यावर तुम्ही म्हणालात, “हा काही तत्त्वज्ञ नव्हे गं. हा आपल्यातला आहे. कारकून आहे.”

मला हसू आलं होतं. पण मग आपण त्याचं सर्व्हिस बुक लावत बसलो. जन्म 3 मे 1469, इटलीतलं फ्लॉरेन्स, तेव्हाचं एक शहर-राज्य. सावोनारोला या साधूची सत्ता संपून 23 मे 1498 ला त्याला भर चौकात फाशी देऊन जाळलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच 29 वर्षांचा हा माणूस प्रजासत्ताकाच्या दुसऱ्या कचेरीचा प्रमुख झाला. पुढं चौदा वर्षं टपाल, खलिते, परराज्यांतल्या फेऱ्या. फ्रान्सच्या राजाकडे, पोपकडे, बादशहाकडे. राजदूताचा मान मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला. भत्ता अपुरा पडतो, पैसे पाठवा, मला परत बोलवा, अशी त्याची पत्रं. आणि बियाजो नावाचा कचेरीतला दोस्त, ज्याला हा लांबून लिहितो की प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाची चरित्रं पाठव, आणि तो उलटटपाली कळवतो की फ्लॉरेन्सात मिळत नाहीत, व्हेनिसहून मागवावी लागतील. या बियाजोवर तुमचा भारी जीव. “असा एक टेबलावर पाहिजेच,” म्हणालात.

1512 मध्ये फ्लॉरेन्सवर आधी सत्ता गाजवलेलं मेदिची घराणं परत आलं आणि 7 नोव्हेंबरला याला काढून टाकलं. हजार सुवर्ण फ्लोरिनांचा जामीन आणि वर्षभर राजवाड्यात पाऊल टाकायची बंदी. पण फौजेच्या खर्चाचा हिशोब द्यायला त्याच राजवाड्यात पुन्हापुन्हा बोलावणं. हे वाचून तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. “चार्ज दिला तरी हिशोबाला बोलावणारच!” पुढच्या फेब्रुवारीत मेदिचींविरुद्धच्या कटाच्या संशयावरून त्याला पकडलं आणि हात मागे बांधून दोरानं वर ओढून खाली सोडत छळ केला. त्यावर तुम्ही हसला नाहीत. मार्चमध्ये मेदिचींपैकीच एक जण पोप झाला, त्या आनंदात कैदी सुटले, आणि हा सुटून गावाबाहेरच्या आपल्या मळ्यावर जाऊन बसला. पुस्तक लिहिलं ते तिथं.

नोकरी गेलेल्या माणसानं नव्या साहेबापुढे ठेवलेलं टिपण, असं म्हणून ते वाचायला लागलो आणि पुस्तकाचा सूरच बदलला. गाईडातला तो कपटी, थंड डोक्याचा माणूस कुठं दिसेना. पंधरा वर्षं राज्यकारभार जवळून बघितलाय, झोप काढली नाही की खेळत बसलो नाही, माझी गरिबी हीच माझ्या प्रामाणिकपणाची साक्ष, असं 10 डिसेंबर 1513 च्या पत्रात मित्राला लिहिणारा माणूस दिसायला लागला. त्याच पत्रात दिवसाचा पाढा आहे. सकाळी लाकूडतोड्यांची भांडणं, दुपारी खानावळीत खाटीक, चक्कीवाला आणि दोन भट्टीवाले यांच्याबरोबर पत्ते, एका दमडीवरून पलीकडच्या गावात ऐकू जाईल असा आरडाओरडा. संध्याकाळी चिखलाचे कपडे दारात काढून, दरबारी पोशाख चढवून तो जुन्या लोकांच्या ग्रंथांत जाऊन बसतो. चार तास दुःख नाही, गरिबीची भीती नाही, मरणाची नाही. ते पान तुम्ही मला दोनदा वाचायला लावलंत. दुसऱ्यांदा तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात आणि मला वाटलं झोप लागली.

सगळ्यात जास्त शिकले ते चेझेनाच्या रविवारी. (मी उच्चार चुकवला की तुम्ही ‘चेझेना, चेझेना’ करायचात, जसं काही तिथं बदली झाली होती.) 1502 चा हिवाळा. पोपचा मुलगा चेझारे बोर्जा रोमान्या प्रांत गिळत सुटलाय आणि आपला कारकून त्याच्या छावणीत फ्लॉरेन्सचा माणूस म्हणून बसलाय. 26 डिसेंबरला सकाळी चेझेना गावच्या चौकात रामिरो दे लोर्क्वा या कारभाऱ्याचे दोन तुकडे करून टाकलेले सापडतात. तुम्ही दोन कागद शेजारी शेजारी मांडायला लावलेत. पहिला त्याच दिवशीचा, वरिष्ठांना पाठवलेला. त्यात म्हटलंय, प्रेत अजून तिथंच आहे, सगळ्या लोकांनी पाहिलं, कारण नीट कळलेलं नाही. राजाच्या मनात आलं एवढंच. माणसं घडवता आणि मोडता येतात हे तो दाखवतोय. दुसरा कागद म्हणजे दहा-अकरा वर्षांनंतरचं सातवं प्रकरण. तिथं कारण आलंय. बेबंद प्रांत सुता-सरळ करायला या रामिरोला पूर्ण अधिकार दिले. त्यानं क्रूरपणे आणि झटपट काम केलं. लोकांचा राग साचला. तेव्हा मध्यवर्ती न्यायालय बसवलं, प्रत्येक शहराचा वकील नेमला, आणि क्रौर्य माझं नव्हतं, याच्या स्वभावाचं होतं, हे दाखवायला त्यालाच कापून चौकात टाकला. शेजारी लाकडाचा ठोकळा आणि रक्ताळलेली सुरी. लोक एकाच वेळी समाधानी आणि सुन्न.

“पहिला पंचनामा, दुसरा अहवाल,” तुम्ही म्हणालात. “पंचनाम्यात जे दिसलं तेवढंच लिहायचं. कारण कळलं नाही, तर कळलं नाही म्हणून लिहायचं. याला ते येत होतं.” मग बराच वेळ गप्प बसून, “हुकूम वरच्याचा, मान खालच्याची.” त्या ओळीखाली निळी आणि लाल, दोन्ही रेघा आहेत. वाचनालयाचं पुस्तक आहे हे आपण दोघंही विसरलो होतो.

आणि मग तुम्हीच दाखवलंत की ज्याला गाईड ‘आदर्श राज्यकर्ता’ म्हणतं, तो बोर्जा पुढच्याच वर्षी कोसळतो. 18 ऑगस्ट 1503 ला बाप मेला, तेव्हा हाही आजारी. बाप गेल्यावर काय काय होईल त्या सगळ्याची तजवीज केली होती, त्या वेळी आपणही मरायला टेकलेले असू एवढं तेवढं सुचलं नव्हतं, हे त्यानं स्वतः आपल्या कारकुनाला सांगितलं. दुसऱ्याच्या जिवावर मिळालेली सत्ता, या मथळ्याखाली तो पुस्तकात येतो. प्रकरणाच्या मथळ्याकडे मी तोवर कधी लक्षच दिलं नव्हतं.

शब्दांवरून आपण घातलेले वाद मात्र कुणाला सांगून कळायचे नाहीत. ‘राजपुत्र’ तुम्ही पहिल्याच दिवशी खोडलंत. “बाप जिवंत असलेलं पोर वाटतं. राज्यकर्ता लिही.” मग तो त्याचा लाडका शब्द, व्हिर्तू. गाईडात ‘सद्गुण’. तुम्ही पेन्सिलीनं ‘धमक’ लिहिलंत आणि आठव्या प्रकरणापर्यंत गाडी सुरळीत चालली. तिथं सिराक्यूज या प्राचीन ग्रीक शहराचा सत्ताधीश आगाथोक्लीस आला. आपलेच नागरिक मारणं, मित्रांना दगा देणं याला व्हिर्तू म्हणता येणार नाही, असं लेखक ठणकावतो आणि दोनच वाक्यांनी त्याच आगाथोक्लीसच्या व्हिर्तूचं कौतुक करतो. आपण अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी तुम्ही म्हणालात, “साहेबांचंच ठरलेलं नाही, आपण काय ठरवणार? पुढं चल.” परीक्षेत मी हे जवळजवळ असंच लिहिलं. शब्द जरा बरे वापरले.

पंचविसाव्या प्रकरणाला सांगलीत वेगळं वाचावंच लागत नाही. आपल्या करणीतलं निम्मं नशिबाच्या हातात आणि निम्मं, किंवा त्याच्या जरा आसपास, आपल्या. नशीब म्हणजे पूर आलेली नदी. खवळली की सगळे पळतात, पण पाणी नसताना बांध घालायला कुणी अडवलेलं नसतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी तासातासाला विचारत आपण गच्चीवर बसलो होतो आणि तुम्ही पहिल्याच दिवशी कागदपत्रांची ट्रंक माळ्यावर टाकून मोकळे झाला होतात. “निम्मं नशीब, निम्मं माळा.” या माणसाला नदीचा अनुभव होता, हेही तुम्हीच शोधून काढलंत. 1504 मध्ये पिसा शहराची कोंडी करायला अर्नो नदी वळवायचा खटाटोप फ्लॉरेन्सनं केला होता, कल्पनेत लिओनार्दो दा विंचीचा हात, कचेरीतून कागद हलवणारा हा. चर पुरेसा खोल गेला नाही, वादळी पावसात काठ ढासळले, सगळं सोडून द्यावं लागलं.

त्याच प्रकरणाच्या शेवटी नशीब ही बाई आहे, तिला मारूनमुटकून ताब्यात ठेवावं लागतं, असं येतं. मी पुस्तक मिटलं होतं. वाटलं, तुम्ही आता ‘त्या काळी तसंच होतं’ म्हणणार. तुम्ही म्हणालात, “लाल रेघ मार. सारवासारव करू नकोस.” आणि मग मिस्कीलपणे आठवण करून दिलीत की 1499 मध्ये फोर्लीवर राज्य करणाऱ्या कातेरीना स्फोर्झानं याच पठ्ठ्याला बोलणी ठरली म्हणून कळवायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी शब्द फिरवून हात हलवत परत पाठवलं.

त्या कातेरीनाच्याच किल्ल्यावरून आपलं शेवटचं भांडण झालं. प्रजेनं द्वेष न करणं हाच सगळ्यात भक्कम किल्ला, असं तो विसाव्या प्रकरणात म्हणतो. तुम्ही आतून रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आणून ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’ वर बोट ठेवलंत. म्हटलं, कोण बरोबर? तुम्ही म्हणालात, दोघांचे डोंगर वेगळे. मला हे उत्तर अजूनही पळवाटीचं वाटतं नाना, आणि तुम्हाला बरं वाटलं की मी परत भांडायला येणार आहे.

पेपर सुटला. मार्क तुम्हाला माहीत आहेत. पण आता ऑफिसात कुणी ‘अमुक अमुक म्हणून गेलाय’ असं फेकलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, कुठल्या पानावर? लोक वैतागतात. त्याचं श्रेय तुमचं, शिव्या माझ्या.

ते पुस्तक आपल्या रेघांसकट वाचनालयात परत करायची मला लाज वाटली. दंड आणि किंमत भरून ठेवून घेतलंय. रोमवरचा त्याचा जाडा ग्रंथही आणलाय. सामान्यांच्या आणि सरदारांच्या भांडणांनीच रोम स्वतंत्र राहिलं, असं तो सुरुवातीलाच म्हणतो. तुमची लाल-निळी पेन्सिल माझ्याकडेच राहिलीय. निळी बाजू संपत आलीय, लाल भरपूर शिल्लक आहे. डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली की काकूंना सांगून वर निरोप धाडा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची