स्पॅनिश टाउनच्या पुलाखालच्या त्या काकांचे आभार

जमैकातल्या स्पॅनिश टाउन शहराजवळचा, रिओ कोब्रे नदीवरचा बिडाचा पूल १८०१ चा. भाग इंग्लंडमधल्या रॉदरहॅमला ओतून जहाजाने आणलेले. सुमारे ८२ फुटी कमान खालूनच नीट दिसते, म्हणून आम्ही काठ उतरलो. पावसानंतर गाळ वरून सुकतो, आत मऊच राहतो. आमच्यातल्या एकीचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. ओढला की खाली पोकळी होऊन आणखी घट्ट बसायचा. तिथल्या अनोळखी काकांनी ओढणं थांबवलं, फळी टाकून तिला वजन फळीवर घ्यायला लावलं, पायाच्या कडेने पाणी ओतलं, टाच हळूहळू हलवायला सांगितली. पाय सुटला. बूट त्यांनी हातांनी उकरून काढला, वर धुऊन दिला! पैसे घेतलेच नाहीत. काका, मनापासून आभार.