झांझिबार जर्मनीचे कधी नव्हतेच

मा. संपादक,
स. न.

साम्राज्यांच्या अदलाबदलीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. त्यातल्या एका वाक्यासाठी मात्र हे पत्र लिहावेच लागले. ‘१८९० साली जर्मनीने ब्रिटनला झांझिबार दिले आणि त्या बदल्यात हेलिगोलँड घेतले’ असे त्यात म्हटले आहे. मी शाळेत भूगोल शिकवत असे. मुलांना मीही कित्येक वर्षे हेच सांगितले, कारण माझ्या हाताशी असलेल्या पुस्तकात तसेच होते. निवृत्तीनंतर त्या कराराचा मजकूर वाचला आणि मनाला फार लागले.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे झांझिबार जर्मनीचे नव्हतेच. तिथे ओमानी घराण्यातल्या सुलतानाचे राज्य होते. ते ठिकाण आपल्याला परके नव्हते. तिथली लवंग मुंबईच्या बाजारात येई, तिथे आपला रुपया चाले आणि तिथला ब्रिटिश प्रतिनिधी बराच काळ मुंबई सरकारच्या हाताखाली काम करी. झांझिबार आणि पेम्बा या बेटांवर ब्रिटनने आपले संरक्षण जाहीर करावे, आमची हरकत नाही, एवढेच जर्मनीने १ जुलै १८९० रोजी बर्लिनमध्ये मान्य केले. तिने आपल्या हातातले सोडले ते आजच्या केनियाच्या किनाऱ्यावरचे व्हिटू. उलट, सुलतानाकडची मुख्य भूमीवरची किनारपट्टी जर्मनीला मिळावी म्हणून ब्रिटनने सुलतानाकडे शब्द टाकायचा, असेही त्याच करारात ठरले. पुढे चाळीस लाख मार्क मोजून जर्मनीने ती पट्टी घेतली. दोन शेजाऱ्यांनी तिसऱ्याचे घर आपसात वाटून घेतले, तर त्याला आपण अदलाबदल म्हणू का? सहाच वर्षांनी, २७ ऑगस्ट १८९६ रोजी, ब्रिटिशांच्या संमतीशिवाय गादीवर बसलेल्या खालिद बिन बरघशच्या राजवाड्यावर त्यांच्या युद्धनौकांनी तोफा डागल्या. पाऊण तासाच्या आत सारे संपले. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हे ‘जगातले सर्वांत छोटे युद्ध’ म्हणून मुलांकडून पाठ करून घेतात, पण त्यात सुमारे पाचशे माणसे मेली किंवा जखमी झाली हे क्वचितच कोणी सांगते.

करारात बारा कलमे आहेत. शेवटचे कलम हेलिगोलँडचे. उत्तर समुद्रातले हे चिमुकले बेट ब्रिटनने १८०७ मध्ये डेन्मार्ककडून घेतले होते आणि करार झाला तेव्हा तिथे दोनेक हजार लोक राहत होते. त्यांचे मत न घेता त्यांना जर्मनीच्या हवाली करणे राणी व्हिक्टोरियालाही रुचले नव्हते. पंतप्रधान सॅलिसबरी यांनी तिची समजूत घातली. तरीही त्या लोकांसाठी किती काळजीने लिहिले आहे पाहा. ज्याला ब्रिटिश नागरिक राहायचे असेल त्याने १ जानेवारी १८९२ पूर्वी तसे लिहून द्यावे. बेटावरचे मूळ रहिवासी आणि सहीच्या तारखेआधी जन्मलेली त्यांची मुले यांच्यावर जर्मन लष्कराची सक्ती नाही. त्यांचे कायदे आणि चालीरीती शक्य तोवर तशाच राहाव्यात. जकातीचे दर १९१० पर्यंत वाढवू नयेत.

आफ्रिकेविषयीची कलमे मी पुन्हा पुन्हा वाचली. नद्या आहेत, अक्षांश-रेखांश आहेत. व्यापाऱ्यांसाठी कलम आहे, मिशनऱ्यांसाठीही आहे. पण तिथल्या माणसांनी कोणत्या सत्तेखाली राहायचे, हे त्यांना विचारण्याची सोय कुठेही नाही.

याची किंमत कोणी मोजली, हे पाहायला फार मागे जावे लागत नाही. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतून, म्हणजे आजच्या नामिबियातून, झांबेझी नदीपर्यंत वाट हवी म्हणून तिसऱ्या कलमाने जर्मनीला जमिनीची एक पट्टी दिली. ती कुठेही वीस मैलांपेक्षा अरुंद नसावी, एवढीच अट. चॅन्सेलर कॅप्रिव्ही यांचे नाव तिला मिळाले आणि २०१३ पर्यंत टिकले. (झांबेझीतून हिंदी महासागर गाठता येईल, ही आशा खोटीच होती. वाटेत व्हिक्टोरिया धबधबा आहे.) या पट्टीची दक्षिण सीमा चोबे नदीच्या ‘मुख्य प्रवाहाच्या’ मध्यातून जाते, असे कलमात लिहिले आहे. आता या नदीत कासिकिली नावाचे साडेतीन चौरस किलोमीटरचे बेट आहे. बोट्स्वानात त्यालाच सेदुदू म्हणतात. वर्षातले काही महिने ते पाण्याखाली असते. नदी त्याच्या दोन्ही अंगांनी वाहते. मग मुख्य प्रवाह कोणता? नामिबिया आणि बोट्स्वाना हा प्रश्न घेऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी दोन्ही प्रवाहांची खोली, रुंदी आणि पाण्याचा ओघ तपासला आणि १३ डिसेंबर १९९९ रोजी अकरा विरुद्ध चार मतांनी उत्तरेकडचा प्रवाह मुख्य ठरवून बेट बोट्स्वानाला दिले.

नामिबियाचे म्हणणे होते की कॅप्रिव्हीतले मासुबिया लोक या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आले आहेत. ते तिथे जात आणि शेती करत, हे न्यायालयाने नाकारले नाही. पण त्यातून देशाचा हक्क सिद्ध होत नाही, असे म्हटले. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्य असेल, मी वकील नाही. पण निकालाच्या एकशे नऊ वर्षे आधी बर्लिनमध्ये ज्यांनी ‘मुख्य प्रवाह’ हे दोन शब्द लिहिले, त्यांच्या शब्दांना वजन राहिले आणि बेट कसणाऱ्यांच्या घामाला राहिले नाही, हे मला अजून पचत नाही.

त्या वाक्याची दुरुस्ती आपण छापावी, ही विनंती. शाळेतली मुले आपली पुरवणी कापून वहीत चिकटवतात, म्हणून इतका आग्रह. जागा असेल तर कलम तीन आणि कलम बारा यांचा मराठी अनुवाद शेजारी शेजारी छापावा. हेलिगोलँडच्या दोन हजारांना काय मिळाले आणि चोबेकाठच्यांना काय, हे मुलांना स्वतः वाचू द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा