इंजेक्शनचा डोस वाढवण्याआधी पाळीची तारीख विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वजन कमी करायच्या इंजेक्शनांवर सध्या तुमच्या पेपरात बरंच छापून येतंय, किंमत काय, मळमळ होते का, बंद केल्यावर वजन परत येतं का, सगळं आलं. बायकांना दर महिन्याला पाळी येते हे मात्र कुणाच्या ध्यानातच नाही वाटतं.

मी त्यातल्याच मौंजारो नावाच्या इंजेक्शनवर आहे, शुगर आणि वजन दोन्हीसाठी. पाळी होऊन गेली की पुढचे बरेच दिवस अर्धी भाकरी ताटात तशीच राहते, आणि पाळी जवळ आली की रात्री साडेदहाला ओट्याशी उभी राहून चिवड्याच्या डब्यात हात! डॉक्टर म्हणाले औषध कमी पडतंय, डोस वाढवू. अहो औषध तेवढंच आहे, भूक वाढलीये. पाळीचक्राच्या पहिल्या अर्ध्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन चढतं ते भूक दाबतं, अंडं सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन वाढतं आणि खा खा सुटते, शिवाय पाळीआधी अंगात पाणी धरतं त्यामुळे काटापण वर दिसतो.

आता खरी मेख बघा. हे औषध अडीच मिलिग्रॅमने सुरू करतात आणि पुढची वाढ किमान चार आठवड्यांनी. चार आठवडे म्हणजे 28 दिवस, बऱ्याच जणींची पाळीपण तेवढ्याचीच, म्हणजे एकदा अपॉइंटमेंट भुकेच्या आठवड्यात पडली की दर वेळी तिथेच पडणार आणि दर वेळी औषध लागू होत नाही असंच वाटणार. डोस वाढला की मळमळ, बद्धकोष्ठ आणि खर्च, तिन्ही वाढतात. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांना तर कंपनीच सांगते की सुरुवातीला आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे कंडोम वगैरे वापरा, कारण गोळी अंगात नीट शोषली जात नाही. हे तरी किती जणींना सांगितलं जातं?

गायनॅककडे गेलं की पहिला प्रश्न शेवटची पाळी कधी, फिजिशियनकडे केसपेपरवर वजन, बीपी, शुगर, संपलं. आश्चर्य नाही म्हणा, अमेरिकेत 1977 पासून 1993 पर्यंत मूल होऊ शकणाऱ्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतूनच बाहेर ठेवायचे.

पीसीओडीमुळे ज्यांच्या पाळीचा नेम नाही त्यांनी काय करायचं, हे आरोग्य पुरवणीत एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, विचारून छापा ना.

– एक वाचक, नाशिक