कलम 21 वर्गात कसे शिकवावे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेत मूलभूत हक्क शिकवले जातात ते बहुतेक यादी म्हणून. विद्यार्थी सहा हक्कांची नावे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि हे हक्क 26 जानेवारी 1950 रोजी जसे मिळाले तसेच आजही आहेत, अशा समजुतीने शाळा सोडतात. ही यादी मुळात सातची होती आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क तिच्यातून वगळला गेला, एवढेही अनेकांना ठाऊक नसते. दहावीच्या राज्यशास्त्रात ‘संविधानाची वाटचाल’ हे प्रकरण आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु वाटचाल खरोखर समजायची असेल, तर एखाद्या तरी हक्काचा संपूर्ण प्रवास, त्यातल्या माघारीसह, मुलांसमोर उलगडला पाहिजे. त्यासाठी कलम 21 निवडावे, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

हे कलम अवघ्या एका वाक्याचे आहे. कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे ते सांगते. त्याचे शब्द 1950 पासून तेच आहेत, अर्थ मात्र बदलत गेला. खटल्याविना स्थानबद्ध असलेले साम्यवादी नेते ए. के. गोपालन यांच्या 1950 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने असे मानले, की कायदा रीतसर संमत झालेला असला म्हणजे पुरे, त्यातली कार्यपद्धती न्याय्य आहे की नाही हे कलम 21 खाली तपासता येणार नाही. पासपोर्ट जप्त झाल्यामुळे मेनका गांधी न्यायालयात गेल्या, तेव्हा 1978 मध्ये त्याच न्यायालयाने ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे, असे सांगितले.

या दोन निकालांच्या मधे 1976 चा एडीएम (अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी) जबलपूर खटला येतो आणि माझ्या मते वर्गातला सर्वाधिक वेळ त्यालाच द्यायला हवा. आणीबाणीतल्या स्थानबद्धांची दाद ऐकता येते, असा निर्वाळा नऊ उच्च न्यायालयांनी दिलेला असताना सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते दार बंद केले. तो एक म्हणजे न्या. एच. आर. खन्ना. पुढे 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशांची नेमणूक झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. आणीबाणीतही कलम 21 साठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित करता येऊ नये, ही तरतूद 44 व्या दुरुस्तीने केली, ती या अनुभवानंतर. हक्क पुढेच जात राहतात असे नाही, ते मागेही जातात आणि परत मिळवावे लागतात, हे मुलांना यातून जितके स्पष्ट दिसेल तितके कोणत्याही व्याख्येतून दिसणार नाही.

त्या बहुमतात पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड होते. पुढे सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच 1985 मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या, म्हणजे ओल्गा टेलिस प्रकरणात, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे लिहिले. तरीही महापालिकेचा झोपड्या हटवण्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला आणि पावसाळा संपून एक महिना होईपर्यंतच त्या हटवण्यास मनाई केली. पुढे 2017 मध्ये खासगीपणाचा हक्क मान्य करणाऱ्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठात त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड होते आणि त्यांनी लिहिलेल्या निकालपत्रात जबलपूर खटल्याचा निर्णय स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरवला गेला.

शिक्षणाचा हक्कही याच कलमाशी जोडलेला आहे. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर (कोल्हापूर) संस्थानात तसा कायदा केला; मात्र देशभर तो मूलभूत हक्क म्हणून संविधानात कलम 21क च्या रूपाने लिहिला गेला तो 2002 च्या दुरुस्तीने, आणि प्रत्यक्ष अमलात आला 1 एप्रिल 2010 पासून. हा हक्क 6 ते 14 वयोगटापुरता आहे. नववी-दहावीत बसलेली बहुतेक मुले त्याच्या बाहेर पडलेली असतात. ही मर्यादा असावी का, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला तर वर्ग गप्प बसणार नाही.

आणीबाणीचा विषय काढला की राजकारण शिरते, अशी धास्ती अनेक शिक्षकांना वाटते आणि ती मी समजू शकतो. यावर उपाय म्हणजे निकालपत्रेच वाचायला देणे. पाठ्यपुस्तक मंडळाने गोपालन, जबलपूर आणि ओल्गा टेलिस या निकालांतील निवडक उतारे, न्या. खन्ना यांच्या भिन्नमतासह, सोप्या मराठीत एका पूरक पुस्तिकेत द्यावेत. परीक्षेतही ‘1985 चा निकाल पदपथवासीयांच्या बाजूने लागला असे म्हणता येईल का?’ असा एखादा प्रश्न असावा आणि त्याचे गुण कोणती बाजू घेतली यावर नव्हे, तर ती कशी मांडली यावर द्यावेत.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक, सातारा